उद्या एक गाडी पाठवा

(नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातले लघुउद्योजक आणि डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करण्याचं काम, सांभाळणारी मंडळी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

“उद्या चारला एक गाडी पाठवा, पुण्याचा माल आहे.” अंबड-सातपूरमधून ट्रान्सपोर्टवाल्याला जाणारा हा ठरलेला निरोप. माल किती, पेट्या की पॅलेट (लाकडी पाटावर रचलेला माल), पुण्यात नेमकं कुठे, यातलं काहीच त्यात नसतं. चाकणही पुणं आणि हडपसरही पुणंच. पण नाशिकहून जाणाऱ्या गाडीला चाकण आधी लागतं. हडपसरसाठी शहर ओलांडावं लागतं आणि तिथे अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. हे सांगितलं नाही तर समोरचा माणूस अंदाज बांधतो. अंदाज कमी पडला की माल अर्धा गाडीत आणि अर्धा फरशीवर. जास्त झाला की रिकाम्या हौद्याचं भाडं तुमच्या माथी.

गाडी मागवण्याचं काम खरं तर पॅकिंगच्या टेबलापाशी सुरू होतं. शेवटची पेटी चिकटपट्टी लावून बंद झाली की चार गोष्टी कागदावर याव्यात : नग किती, काट्यावरचं वजन किती, बाहेरून मोजलेली लांबी-रुंदी-उंची किती, आणि करासह बिलाची रक्कम किती. ड्रॉइंगमधलं माप चालत नाही. माल भरल्यावर पेटी फुगते, वर पट्टी येते, खाली पॅलेट येतं. वाहतूकदार मोजतो ते सगळ्यात बाहेर आलेलं टोक.

वजन आणि घनफळ या दोन्हींची गरज का, ते एका उदाहरणात पाहू. पेटी ६० बाय ४५ बाय ४० सेंटीमीटरची, वजन १८ किलो, नग २००. एकूण वजन झालं ३,६०० किलो. नुसतं वजन बघणारा म्हणेल, १४ फुटी गाडी पुरे. आता घनफळ काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले २७,०००. एका पेटीचे ४ घनफूट आले, म्हणजे २०० पेट्यांचे ८००. १४ फुटी गाडीचा हौदा साधारण १४ बाय ६ बाय ६, म्हणजे ५०४ घनफूट. माल बसणारच नाही. १९ फुटी गाडी १९ बाय ७ बाय ७ धरली तर ९३१ घनफूट मिळतात. त्यातली दहा-पंधरा टक्के जागा फटींत आणि कोपऱ्यांत वाया जाते, म्हणजे हा माल तिच्यात जेमतेम बसतो. उलट, फोर्जिंग किंवा कास्टिंगसारखा धातूचा जड माल असेल तर हौदा अर्धाही भरत नाही तोवर वजनाची मर्यादा संपते.

गाडी किती टनाची, हे ड्रायव्हरला विचारून ठरवू नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, मालासह एकूण वजन लिहिलेलं असतं आणि रिकाम्या गाडीचंही. वजाबाकी केली की कळतं. बाजारात १७ फुटी म्हणजे ५ टन, १९ फुटी म्हणजे ७ टन, ३२ फुटी सिंगल एक्सल (मागे एकच आस) ७ टन, मल्टी एक्सल १४-१५ टन, असं ढोबळ मानाने बोललं जातं. ३२ फुटी सिंगल आणि १९ फुटी गाडी वजन सारखंच नेतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोठी गाडी म्हणून जड माल टाकतात आणि काट्यावर अडकतात. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च वेगळा.

पॅलेटवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. १,२०० बाय १,००० मिलीमीटरची दोन पॅलेट १,२०० ची बाजू आडवी करून शेजारी ठेवायची तर २,४०० मिलीमीटर रुंदी लागते. आठ फूट म्हणजे २,४३८. कागदावर बसतं, पण बंद कंटेनरची आतली रुंदी अनेकदा आठ फुटांपेक्षा कमी भरते आणि दुसरं पॅलेट दारातच अडकतं. तेव्हा एक रांग उभी आणि एक आडवी लावावी लागते. ३२ फुटांत अशी ८ अधिक ९, म्हणजे १७ पॅलेट बसतात. तुम्ही ९ अधिक ९, म्हणजे १८ चं बिल बनवून बसलेले असता. म्हणून गाडी मागवताना आतली रुंदी विचारा. आणि फोर्कलिफ्ट कुठून लावणार, मागून की बाजूने, तेही सांगा. बाजूने भरायचं असेल तर बंद कंटेनर कामाचा नाही, फाळके उघडणारी गाडी हवी.

आता पार्ट लोड, म्हणजे अख्खी गाडी न घेता इतरांच्या मालासोबत आपला माल पाठवणं. आपल्याकडच्या बहुतेकांचा पैसा इथेच गळतो, म्हणून जरा थांबून बोलतो.

पार्ट लोडमध्ये प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त, त्यावर भाडं लागतं. घनफूट काढायचे आणि त्यांना वाहतूकदाराच्या करारातल्या आकड्याने गुणायचं. कुणाचा आकडा घनफुटाला ६ किलो, कुणाचा ७, कुणाचा ८, कुणाचा १०. आपल्याच ३० पेट्या घ्या. प्रत्यक्ष वजन ५४० किलो, घनफळ १२० घनफूट. सातच्या हिशेबाने ८४० किलोचं भाडं, दहाच्या हिशेबाने १,२०० किलोचं. समजा एकाचा दर किलोला १० रुपये आणि आकडा ७ आहे, दुसऱ्याचा दर ८ रुपये आणि आकडा १०. पहिल्याचं बिल ८,४०० आणि ‘स्वस्त’ दुसऱ्याचं ९,६००. कोटेशनमध्ये दर ठळक छापलेला असतो आणि हा आकडा तळाला बारीक अक्षरात. तो आधी वाचा. २७,००० ने भागण्यात फूट ३० सेंटीमीटरचा धरलेला असतो. खऱ्या घनफुटात २८,३१७ घन सेंटीमीटर असतात. म्हणजे सुमारे पाच टक्के तिथेही वाहतूकदाराच्या बाजूने जातात. यावर भांडून उपयोग नाही, रिवाजच तसा आहे, पण दर ठरवताना ते लक्षात असावं.

आपल्या हातात काय आहे? पेटी. त्याच पेटीची उंची ४० वरून ३६ वर आणली, वरची रिकामी जागा काढली, तर पेटीचे ३.६ घनफूट होतात. ३० पेट्यांमागे दहाच्या हिशेबात १२० किलो कमी झाले. दर घासाघीस करून चार आणे उतरवण्यापेक्षा पेटीवाल्याला नवं माप देणं जास्त फायद्याचं.

किलोच्या दरावर आणखी काय काय चढतं, ते बुकिंगच्या आधी लेखी घ्या : बिल्टीचं (माल बुक केल्याच्या पावतीचं) शुल्क, इंधन अधिभार, मालाच्या किमतीवरचं जोखीम शुल्क, दारापर्यंत पोचवण्याचा खर्च आणि नेहमीच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठीचा जादा खर्च, म्हणजे ओडीए. हा ओडीए तालुक्याच्या ठिकाणांनाही लागू शकतो, आणि तो पिनकोडवर ठरतो. ग्राहकाचा पिनकोड चुकला तर भाडंही चुकतं आणि मालही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार, हेही बिल्टीवर यावं. नाहीतर उतरवण्याच्या ठिकाणी हमाल आणि ड्रायव्हर यांच्यात वाद होतो, ग्राहक दार बंद ठेवतो आणि हाल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचं भाडं, तुमच्या नावावर चढतं. जीएसटीबद्दल एवढंच : ट्रान्सपोर्टवाला स्वतः कर लावणार की तुम्ही रिव्हर्स चार्जने, म्हणजे त्याच्याऐवजी थेट सरकारकडे, ५ टक्के भरणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. स्वतः लावणाऱ्यांत २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आणि १८ टक्के असे दोन पर्याय आहेत.

आता ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. परराज्यात जाणाऱ्या मालाला ५०,००० रुपयांवर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर ते लागतं. रक्कम करासह धरायची. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पहिला दिवस बिल बनवल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. लोकांना भीती वाटते ती बेंगळुरू किंवा दिल्लीला जाणाऱ्या मालाची. तिथे सहा-सात दिवस मिळतात, फारसा धोका नाही. बिलं उलटतात ती मुंबईची. नाशिक-मुंबई २०० किलोमीटरच्या आत, म्हणजे एकच दिवस. शनिवारी संध्याकाळी तुम्ही छोट्या हत्ती टेम्पोचा नंबर टाकून बिल पूर्ण करता आणि माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातो. रविवारी सुट्टी. रविवारच्या मध्यरात्री मुदत संपते आणि सोमवारी सकाळी तोच माल भिवंडीकडे निघतो. गाडी तपासली तर कागद शिळा.

उपाय नियमातच आहे. राज्यातल्या राज्यात आपल्या जागेपासून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंतचं अंतर ५० किलोमीटरच्या आत असेल, तर त्या टप्प्यासाठी गाडीचा नंबर भरायची सक्ती नाही. तुम्ही बिलाचा भाग अ (मालाचा तपशील) भरा, ट्रान्सपोर्टरचा १५ अंकी आयडी टाका आणि भाग ब (गाडीचा नंबर) मोकळा सोडा. मुदत भाग ब पहिल्यांदा भरल्यापासून चालू होते. मोठी गाडी निघेल तेव्हा तो भरेल. पुढे गाडी बदलली की नवा नंबर टाकणं त्याचं काम. वाटेत गाडी बिघडून उशीर झालाच, तर मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवून मिळते. बिल चुकलं असेल तर रद्द करायला २४ तास मिळतात. गाडीच्या नंबरात एखाद-दोन अंकांची चूक असेल तर लगेच धाबं दणाणू देऊ नका. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार अशा किरकोळ चुकीला केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी मिळून १,००० रुपयांचा दंड आहे. मात्र बिलच नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर कराच्या दुप्पट दंडाचा प्रश्न उभा राहतो.

गाडी दाराशी आली की लगेच भरायला घेऊ नका. पाच मिनिटं द्या. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स बघा. आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे का, तेही बघा. दलालाने ऐनवेळी दुसरी गाडी पाठवलेली असते आणि बिलावर पहिलीच राहते. मग हौद्यात चढून बघा : खिळे, ओल, आधीच्या मालाचा वास. सिमेंट किंवा खत नेलेल्या गाडीत पॅनेलच्या पेट्या टाकल्या तर ग्राहकाकडून परत येतात. बंद कंटेनर असेल तर आत उभं राहून दार लावून घ्या. कुठून उजेड दिसला तर पाणीही तिथूनच येणार. पावसाळ्यात कसारा-इगतपुरीच्या पट्ट्यात ही तपासणी सोडू नका. खोक्याचा कागद ओल धरतो आणि त्याची ताकद झपाट्याने उतरते. कोरड्या गोदामात सहा थर पेलणारी पेटी तिथे चौथ्यालाच बसते.

भरताना पहिली रांग केबिनकडच्या भिंतीला घट्ट लावा. कसारा घाट उतरताना ब्रेकवर ब्रेक लागतात आणि माल पुढे सरकतो. तिथे वीतभर फट राहिली असेल तर सगळी रांग धडक मारते. पेट्यांच्या उभ्या थप्प्या कोपऱ्यावर कोपरा जुळवून लावा. विटांसारखे सांधे चुकवून लावलेला थर दिसायला मजबूत वाटतो, पण खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते आणि तो भार मग मधल्या पोकळ भागावर येतो. पेट्या एकत्र धरून ठेवायला सांधे नकोत, स्ट्रेच फिल्म आणि पट्टी आहे. दोन ठिकाणी उतरवायचं असेल तर शेवटच्या ग्राहकाचा माल आधी आत जातो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि घाईत हेच उलटं होतं.

वेळेचंही बोलायला हवं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम, त्याच सुमारास उन्हाळ कांदा बाजारात यायला लागतो आणि मार्चअखेरीला प्रत्येक कारखान्याला माल बाहेर काढायचा असतो. या दिवसांत दुपारी फोन करून संध्याकाळी गाडी मिळेल, ही आशा सोडा. दोन दिवस आधी सांगा आणि दर त्याच वेळी लेखी ठरवा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास शहरातल्या रस्त्यांचं काय होईल, हे नाशिककरांना मी सांगायला नको. ग्राहकांच्या तारखा आत्तापासून सांभाळून द्या.

शेवटी बिल्टीच्या मागची बाजू, जी कुणी वाचत नाही. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा आणि २०११ चे नियम यांनुसार, तुम्ही मालाची जादा किंमत जाहीर करून त्याचा जादा जोखीम दर दिला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच असते. भाडं १,५०० रुपये, माल ४ लाखांचा, तर हातात येणार जास्तीत जास्त १५,०००. म्हणून मरिन पॉलिसी, म्हणजे मालवाहतुकीचा विमा, घ्या. नावात समुद्र असला तरी ती रस्त्यावरच्या मालालाही चालते. नियमित डिस्पॅच असेल तर ओपन पॉलिसी, म्हणजे अनेक खेपांना मिळून एकच पॉलिसी, सोयीची. पण विमा कंपनी आधी विचारते ते हे : तुम्ही वाहतूकदाराला लेखी दावा कधी केला? कायद्याने ती नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत जायला हवी. पोच मिळाल्यापासून नव्हे, बुकिंगपासून.

आणि दावा उभा राहतो तो पोचेवरच्या शेऱ्यावर. ग्राहकाच्या गोदामातला माणूस ‘माल मिळाला’ लिहून शिक्का मारतो आणि दोन दिवसांनी फोन येतो, तीन पेट्या दबल्यात म्हणून. त्याला आधीच सांगून ठेवा : ड्रायव्हर समोर असतानाच नग मोजायचे, फुटलेल्या पेटीचा फोटो काढायचा आणि सही करण्याआधी पोचेवर लिहायचं, ‘३० पैकी ३ पेट्या दबलेल्या, एक ओली’. कंटेनरला सील असेल तर त्याचा नंबर तुमच्या बिलावर आणि बिल्टीवर दोन्हीकडे हवा, आणि सील तोडण्याआधी ग्राहकाने तो जुळवून बघायला हवा.