शनिवारची साधी गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचे आठवड्यातील पाच दिवस विद्यापीठाचे असतात. उरलेल्या दोन दिवसांचे काय करायचे, हे त्याचे त्याला ठरवावे लागते. इटलीतील बोलोन्या या शहरात मी एक शैक्षणिक वर्ष काढले, आणि त्या वर्षातील शनिवार-रविवारांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. बोलोन्याचे विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचे, म्हणजे युरोपातील सर्वांत जुने, मानले जाते. हे शहर रेल्वेचे मोठे जंक्शनही आहे. त्यामुळे सकाळी लवकर निघून दिवसभर एखादे गाव पाहावे आणि रात्री खोलीवर परतावे, हे तिथे सहज जमते.

माझ्याबरोबरची बरीच मुले स्वस्त विमानांनी दर आठवड्याला नवी राजधानी गाठत असत. सुरुवातीला एकदा मीही तसे केले. दोन दिवसांतला बराचसा वेळ विमानतळावरच्या रांगांत गेला, आणि परतल्यावर त्या शहरातले नीट असे काहीच आठवेना. तेव्हा मी ठरवले, की ज्या देशात शिकायला आले आहे तोच देश पाहायचा, साधी गाडी नेईल तिथवरच जायचे आणि एका दिवशी एकच गाव पाहायचे.

या साध्या गाडीला तिथे ‘रेजोनाले’ म्हणतात. आपल्या पॅसेंजरसारखी ती लहानमोठ्या स्थानकांवर थांबत जाते, तिला आरक्षण लागत नाही आणि तिचे भाडे अंतरावर ठरते. एक नियम मात्र नवख्या माणसाला ठाऊक नसतो. कागदी तिकीट काढले, की गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या लहानशा यंत्रात ते सरकवून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. नोव्हेंबरमध्ये धावतपळत गाडी पकडताना मी तो घेतला नाही. तिकीट रीतसर विकत घेतलेले असूनही मला दंड भरावा लागला आणि पुढचे दोन शनिवार बोलोन्यातच काढावे लागले. ते दोन्ही दिवस पावसाचे होते. बोलोन्यातील रस्त्यांच्या कडेने कमानदार ओसऱ्या आहेत, आणि त्यांतील एक ओसरी ६६६ कमानींखालून, जवळजवळ चार किलोमीटर, टेकडीवरच्या सान लुकाच्या देवळापर्यंत चढत जाते. भर पावसात मी ती दोन्ही शनिवारी चालले आणि माथ्यापर्यंत कोरडी पोहोचले. २०२१ साली युनेस्कोने या ओसऱ्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे.

सर्वाधिक वेळा मी गेले ती राव्हेन्नाला. सुमारे सव्वा तासाचा हा सपाट, शेतांमधून जाणारा प्रवास आहे. पाचव्या शतकात हे शहर पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होते. गाल्ला प्लाचीदिया या राणीच्या नावाने ओळखली जाणारी समाधी तिथे आहे. बाहेरून पाहिले तर साध्या विटांची, आपल्याकडच्या लहान देवळाएवढी वास्तू. आत शिरताच मात्र आधी अंधारच दिसतो, कारण खिडक्यांना काचा नाहीत. संगमरवरासारख्या दगडाचे पातळ पत्रे बसवलेले आहेत आणि त्यांतून मधाच्या रंगाचा मंद उजेड झिरपतो. थोडा वेळ स्थिर उभे राहिले, की छत हळूहळू दिसू लागते. गडद निळ्या आभाळात सोनेरी तारे आहेत, आणि खाली भिंतीवर पाणी प्यायला आलेली हरणे आहेत. हे सारे बोटाच्या पेरापेक्षाही लहान काचतुकड्यांचे काम. सोनेरी तुकडा करताना सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये धरलेला असतो, आणि असे तुकडे भिंतीत किंचित तिरपे बसवलेले असतात. त्यामुळे मी मान थोडी वळवली, की एक तारा विझत असे आणि शेजारचा उजळत असे. पहिल्या भेटीत मी एवढेच पाहिले. शेजारच्या सान व्हिताले चर्चमधील सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा यांची चित्रे मी पुढच्या भेटीसाठी राखून ठेवली, आणि त्याचे मला आजही समाधान वाटते. हे चर्च ५४७ साली पूजेसाठी खुले झाले. तिथल्या भिंतीवर परिवारासह उभे असलेले हे राजदांपत्य प्रत्यक्षात राव्हेन्नाला कधीच आले नाही.

राव्हेन्नातच महाकवी दान्ते याची समाधी आहे. फ्लॉरेन्सने त्याला हद्दपार केले आणि १३२१ साली तो इथे वारला. त्याच्या समाधीपाशी एक दिवा तेवत असतो, आणि त्या दिव्याचे तेल दरवर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स शहराकडून येते.

माझ्यासारख्या शाकाहारी मुलीला तिथे जेवणाची चौकशी काळजीपूर्वक करावी लागे. त्या भागात ‘पियादीना’ नावाची जाडसर पोळी तव्यावर भाजून, आत मऊ चीज घालून देतात. दुकानातून येणारा तो भाजण्याचा वास अगदी घरच्या स्वयंपाकघरातला वाटे. परंतु पारंपरिक पद्धतीत तिच्या कणकेत डुकराची चरबी घालतात, हे मला वर्गातल्या एका मैत्रिणीने वेळीच सांगितले. ऑलिव्हच्या तेलात मळलेली पियादीनाही मिळते. ती मागून घ्यावी लागते. आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी: दुपारी अडीचनंतर बहुतेक खाणावळींची चूल थंडावते, ती थेट संध्याकाळी सातच्या सुमारास पेटते.

फेराराला मी सायकलसाठी जात असे. शहराभोवतीचा सुमारे नऊ किलोमीटरचा जुना तट आजही उभा आहे आणि त्याच्या कडेने सायकलने फिरता येते. तिथेच एका रविवारी मला ‘शोपेरो’ हा शब्द शिकायला मिळाला. शोपेरो म्हणजे संप. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर झालेला असतो आणि तो कधी सुरू होणार, कधी संपणार, हेही ठरलेले असते. मी मात्र ती सूचना वाचलीच नव्हती. स्थानकावर थांबलेल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याने, मला समजावे म्हणून एकेक शब्द सुटा करून, कामगारांच्या मागण्या सांगितल्या. रात्री नऊनंतर गाड्या सुरू होईपर्यंत आम्ही बोलत बसलो होतो. वर्गात भाषेचे पाठ गिरवून जे आले नव्हते, ते त्या संध्याकाळी बोलता येऊ लागले.

आता ज्या प्रवासासाठी मी हे भाषण द्यायचे ठरवले, त्याविषयी सांगते. मी कोल्हापूरची. मी निघाले त्या दिवशी आजोबा म्हणाले होते, “फ्लॉरेन्सला गेलीस की आधी आपल्या महाराजांना भेटून ये. बाकीचं मग बघ.” कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले, इंग्लंडला राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. ज्या देशात प्रेताला अग्नी देणे ही जवळजवळ अपरिचित गोष्ट, तिथे अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. कोल्हापुरात आमचे राजाराम कॉलेज आहे, ते याच महाराजांच्या नावाचे.

मी मुद्दाम जुन्या रेल्वेमार्गाने गेले. बोलोन्याहून पोरेत्तामार्गे पिस्तोयाला जाणारा हा मार्ग आपेनिन्स डोंगर ओलांडतो, आणि तो १८६४ साली पूर्ण झाला. आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती १८६३ साली. म्हणजे हे दोन्ही घाट एकाच पिढीने फोडले. महाराजांच्या काळी बोलोन्याहून फ्लॉरेन्सला रेल्वेने जायचे, तर हाच एक मार्ग होता. वेगवान गाडी आज हे अंतर बोगद्यांमधून पाऊणएक तासात काटते. मला मात्र गाड्या बदलत अर्धा दिवस लागला, आणि त्या अर्ध्या दिवसात मी डोंगर पाहिला.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कास्चिने नावाचे लांबलचक उद्यान नदीच्या काठाने जाते. त्याच्या अगदी टोकाला, जिथे प्रवासी फारसे फिरकत नाहीत, तिथे महाराजांच्या स्मरणार्थ उभारलेली छत्री आहे. चार्ल्स मँट या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८७४ साली ती उभी राहिली. घुमटाखाली फुलर या शिल्पकाराने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि तो रंगवलेला आहे. पांढऱ्या संगमरवराच्या त्या शहरात सावळ्या रंगाचा, पागोटे ल्यालेला, वीस वर्षांचा तो चेहरा समोर आला आणि मी हात जोडले. मागे दोन नद्यांचे पाणी एकत्र येत होते. पंचगंगेच्या घाटावरील छत्र्या लहानपणापासून पाहिल्यामुळे, ती जागा कोणी आणि का निवडली असेल, हे मला कोणी सांगावे लागले नाही. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला ‘लिंदियानो’, म्हणजे ‘तो भारतीय’, असे म्हणतात, आणि शेजारचा मोठा पूलही त्याच नावाने ओळखला जातो.

त्या रात्री मी आजोबांना फोन केला. त्यांनी इतर काही विचारण्याआधी विचारले, “तिथं झाडलोट कोण करतं?” मला उत्तर देता आले नाही.

मे महिन्यात, परतण्यापूर्वी, मी पुन्हा गेले. एक कामगार छत्रीभोवतीचे गवत यंत्राने कापत होता, आणि कठड्याजवळचे गवत यंत्राला येईना म्हणून खाली बसून हाताने काढत होता. मी आजोबांना तिथूनच फोन लावला आणि ते सांगितले. त्यांनी दोन्ही नद्यांची नावे मला पुन्हा सावकाश उच्चारायला लावली आणि आपल्या वहीत लिहून घेतली.