पिवळ्या झाकणाची नळी

(सकाळ. नाशिक, त्र्यंबक रोडजवळच्या एका लॅबचं शटर वर जातं.)

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराला चार दिवसांपूर्वी रात्री पोटात, बेंबीच्या वर, कळ उठली. ती थेट पाठीत गेली. घरचे म्हणाले, पित्त असेल. थंड दूध झालं, सोडा झाला, मेडिकलमधली गोळी झाली. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं, म्हणून उशी पोटाशी धरून ते रात्र रात्र बसून राहिले. आज मुलगा त्यांना नाशिकला घेऊन आलाय.

दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, पिवळ्या झाकणाची नळी भरली. इथे झाकणाचा रंगही महत्त्वाचा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रसायन रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि आज जे मोजायचं आहे ते अमायलेज, म्हणजे पचनाचं एक विकर (एन्झाइम), कॅल्शियमशिवाय चालत नाही. नळी चुकली, तर आकडा खोटाच कमी येतो.

रक्त गोठतं. सेंट्रीफ्यूज फिरतं. वर पिवळसर, नितळ सीरम उरतं.

जठराच्या मागे आडवं असलेलं स्वादुपिंड दोन महत्त्वाची विकरं बनवतं. अमायलेज भाकरीतला स्टार्च फोडतं, लायपेज तेल-तूप. त्यांची जागा आतड्यात. पित्ताच्या खड्याने वाट अडली, किंवा दारूने ग्रंथी सुजली, की ती रक्तात झिरपतात. यंत्र विकर मोजत नाही, त्याचं काम मोजतं: दिलेला पदार्थ ते किती वेगाने फोडतं. १९०८ मध्ये जर्मनीत व्होलगेमुट यांनी स्टार्च आणि आयोडीन वापरून हेच केलं होतं.

पडद्यावर आकडे येतात. अमायलेज जवळपास नॉर्मल. एवढ्यावरच थांबलं असतं तर यांना पुन्हा पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं गेलं असतं, आणि हीच भीती आहे. अमायलेज काही तासांत चढतं, पण ३ ते ५ दिवसांत उतरतंही. शिवाय ते लाळेतही असतं, त्यामुळे गालफुगीतसुद्धा वाढतं. लायपेज मात्र ८ ते १४ दिवस रक्तात टिकतं.

लायपेज नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून वर आहे. तशी कळ आणि तिप्पट आकडा, दोन्ही जुळले की स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचं निदान होतं.

“आकडा एवढा मोठा, म्हणजे फार सिरियस आहे का हो?” मुलगा विचारतो. आकड्यावरून ते कळत नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर नाडी, श्वास, लघवी बघतात, पोटावर पुन्हा हात ठेवतात. सलाईन सुरू होतं, आणि स्ट्रेचर सोनोग्राफीकडे वळतो, पित्ताशयात खडा आहे का ते बघायला.