रिकामी चढाई

(दृश्य : मध्यरेषा. एक पाय ती ओलांडतो.)

तीस सेकंद. ‘कबड्डी, कबड्डी’चा दम धरून समोरच्या सात जणांत शिरायचं आणि परत यायचं. पुष्कळदा हाती काहीच लागत नाही. ही रिकामी चढाई. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचाच. नाहीतर चढाईपटू बाद.

चपळ पोरं गल्लीतल्या मंडळातही असतात. जिल्हा, राज्य, देश असं चढत जाणारी मोजकीच. मग फरक फक्त मांड्यांतल्या ताकदीचा?

मानसशास्त्र स्वभाव पाच अंगांनी मोजतं. वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत त्यातली दोन सरासरीनं ठळक दिसतात : नेटानं, शिस्तीत काम करण्याची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य. आपली नजर मात्र आधी जाते शड्डू ठोकणाऱ्याकडे.

(दृश्य : अहमदाबाद, २२ ऑक्टोबर २०१६.)

विश्वचषकाची अंतिम लढत. समोर इराण. मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे. कर्णधार अनुप कुमार. प्रो कबड्डीतल्या यू मुंबा संघाच्या चाहत्यांच्या चांगल्या ओळखीचा तो शांत चेहरा. उत्तरार्धात अजय ठाकूरच्या चढायांनी सामना फिरला. एकट्याचे १२ गुण. भारत ३८, इराण २९.

चढाया लक्षात राहतात. पण स्वभावाची खरी परीक्षा मला रेषेबाहेर दिसते. कबड्डीत बाद झालेला खेळाडू स्वतःच्या हिमतीवर परत येऊ शकत नाही. सोबत्यांनी समोरचा गडी बाद केला, की जो आधी बाद झाला तो आधी आत. तोवर बसून राहायचं. कुणावर चिडायचं नाही, आपली चूक उगाळायची नाही. कारण आत गेल्या गेल्या बचावाच्या साखळीत सोबत्याचा हात धरायचा असतो, आणि कोपऱ्यातल्या एकानं उतावीळपणे झेप घेतली, की हातातली पकड निसटते.

आता स्थिर स्वभावाचा खेळाडू वर पोचतो, की मोठे सामने खेळून स्वभाव स्थिरावतो? एकदाच केलेल्या मोजणीतून हे उलगडत नाही. शिवाय ही सरासरी आहे. एकेका मुलाचं भविष्य नव्हे. म्हणूनच तेरा वर्षांच्या पोराला प्रश्नावलीवरून संघाबाहेर काढणं मला चुकीचं वाटतं. त्या वयात स्वभाव अजून घडतच असतो.

(दृश्य : मातीचं मैदान. बाद झालेला मुलगा रेषेबाहेर बसला आहे. सोबती गडी टिपून परततो. पंच खूण करतात. मुलगा हाताला माती चोळून आत धावतो.)