वेळापत्रकातला ऐच्छिक तास

(सोलापुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. ख्रिस्ती हायस्कुलातल्या ऐच्छिक विषयांवर बोला, असं मला सांगितलंय. विषयांची यादी शाळेच्या माहितीपत्रकात रंगीत छापलेली असते, ती तुम्ही वाचलेलीच आहे. मी बरीच वर्षं पर्यवेक्षिका होते आणि वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मी त्या यादीकडे जरा संशयानंच बघते. यादीत चौदा विषय असतात, तास मात्र आठवड्याला दोन. तेव्हा आज यादी बाजूला ठेवू आणि एवढंच बघू, की ज्याला आपण ऐच्छिक म्हणतो त्यात मुलाची इच्छा नेमकी कुठं असते.

सुरुवात बायबलपासून करते, कारण पालकही तिथूनच करतात. प्रवेशाच्या टेबलापाशी आधी फी विचारून होते, मग बस कुठून सुटते ते, आणि शेवटी आवाज खाली आणून, "मॅडम, बायबल कंपल्सरी हाय का वो?" हा प्रश्न विचारताना ओशाळण्याचं काहीच कारण नाही. उत्तर राज्यघटनेत आहे. कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्याच घटनेचं कलम २८, खंड तीन सांगतं, की सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. संमती लागते, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची. म्हणजे बायबलचा तास ठेवायचा हक्क शाळेचा आणि त्या तासाला बसायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुमचा. ख्रिस्ती शाळेतला सर्वांत पक्का ऐच्छिक विषय कुठला, तर बायबल. गणिताला 'नको' म्हणायची सोय घटनेनं कुणालाच दिलेली नाही.

मुलं हसतात हे ऐकून. पण शाळेच्या बाजूनं हे सोपं नसतं. दहा मुलांनी 'नको' म्हटलं, तर त्या तासाला ती दहा मुलं बसणार कुठं? चांगल्या शाळेत त्याच वेळी मूल्यशिक्षणाचा दुसरा वर्ग भरतो, त्याला शिक्षक असतो, शिकवायला काहीतरी ठरलेलं असतं. जिथं तसं नसतं तिथं ही मुलं व्हरांड्यात बसतात, नाहीतर ग्रंथपाल नसलेल्या ग्रंथालयात. दोन आठवड्यांनी तीच मुलं येऊन म्हणतात, "मॅडम, आम्ही पण बायबललाच बसतो." कागदावर त्यांनी पसंती बदलली. खरं म्हणजे त्यांना पंखा असलेली खोली हवी होती. अशी संमती मी संमती मानत नाही, आणि हे मी आमच्या बैठकांतही बोललेली आहे. सगळ्यांना ते रुचलं असं नाही.

उलटंही पाहिलंय. ख्रिस्ती नसलेल्या घरांतले कितीतरी पालक आपणहून म्हणतात, बसू दे की, चांगलंच शिकवतात. उधळ्या पुत्राची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे इंग्रजीतल्या 'गुड समॅरिटन'ची गोष्ट, ह्या गोष्टी मुलांना ठाऊक असाव्यात. रस्त्यावर अपघात झालेल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं संरक्षण दिलं, आणि कायदा त्या मदतनिसाला 'गुड समॅरिटन' म्हणतो. हायवेच्या काठावर राहणाऱ्या मुलाला ते नाव कुठून आलं हे कळलं तर त्याचा धर्म काही बिघडत नाही.

आता बाकीच्या विषयांकडे येते. सध्या पालकांच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या ख्रिस्ती हायस्कुलांच्या याद्या फिरतात. कुणाचा भाऊ तिकडे असतो, तो पाठवतो. क्वायर, बँड, सुतारकाम, फोटोग्राफी, शाळेचं वार्षिक काढायचा विषय. मग विचारणा होते, आपल्याकडे का नाही? एक तर तिथं बायबल बहुधा ऐच्छिक नसतंच. खाजगी शाळा ते सक्तीचं करू शकते, आणि पुष्कळ ठिकाणी ते दरवर्षी घ्यावंच लागतं. दुसरं म्हणजे तिथं प्रत्येक विषयाला क्रेडिट असतं. साधारण १२० तासांचं वर्गकाम म्हणजे एक युनिट, म्हणजेच एक क्रेडिट, हे माप तिथल्या कार्नेगी फाउंडेशनच्या नावानं १९०६ पासून चालत आलंय. सुतारकाम पूर्ण केलं तर त्याचं क्रेडिट हायस्कूल पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी मोजलं जातं. आणि तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. तिथं शिक्षक खोलीत थांबतो आणि मुलं खोल्या बदलतात. आपल्याकडे नववी ब एकाच खोलीत बसून असते आणि शिक्षक ये-जा करतात. वर्ग जागचा हलत नसेल, तर आतल्या चाळीस मुलांनी वेगवेगळं काही निवडायचं कसं?

हे वेळापत्रकाचं गणित तुम्हाला सांगितलंच पाहिजे. समजा, नववीच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या आहेत आणि पाच ऐच्छिक विषय द्यायचेत. तर तिन्ही तुकड्यांचा तो तास एकाच वेळी लावावा लागतो. एरवी त्या वेळी तीन शिक्षक आणि तीन खोल्या पुरतात. आता पाच शिक्षक आणि पाच खोल्या हव्यात. त्याच वेळी दहावीचं प्रॅक्टिकल असलं की प्रयोगशाळा गेली. संगीताच्या बाई दोन शाळांत जातात, त्या फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. मग काय होतं, ऐच्छिक विषय शनिवारच्या शेवटच्या तासाला जातो, आणि त्या तासाला बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत असं लिहिलेलं आहे. अंशकालीन हा शब्दच सांगतो, की या विषयांना कुठली जागा दिलेली आहे.

राज्य बोर्डाचंही बघा. दहावीला सहाशे गुण, टक्केवारी उत्तम पाच विषयांची. निवडीला वाव मुख्यतः भाषेत: पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत, नाहीतर दोन्हींचं मिळून संयुक्त. संस्कृत निवडणाऱ्या दहा पालकांना विचारा, नऊ जण म्हणतील, "स्कोअरिंग आहे." चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचं तेच. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला सात वाढीव गुण, बी ला पाच, सी ला तीन. सात गुणांसाठी मूल स्थिरचित्र शिकतं, आणि निकाल लागला की रंगांचा डबा माळ्यावर जातो. गुण देऊ नयेत असं मी म्हणत नाही. त्या गुणांमुळे ड्रॉइंगच्या सरांची नोकरी टिकली, हे मला ठाऊक आहे. पण गुणांसाठी घेतलेल्या विषयात मुलाच्या इच्छेचा भाग कमीच. आयसीएसई बोर्डात गट तीनमधला एक विषय घ्यावाच लागतो, कॉम्प्युटर, कला, पाककला, फॅशन डिझायनिंग वगैरे, आणि त्याचे निम्मे गुण शाळेतल्या अंतर्गत कामाला. यादी मोठी, पण बहुतेक शाळा देतात फक्त कॉम्प्युटर. कारण लॅब आधीच बांधलेली असते.

मग ख्रिस्ती शाळेनं वेगळं काय करावं? तिच्याकडे एक जुनं भांडवल आहे, ते ती विसरलीय. मिशनच्या शाळांत हातानं काम शिकवणं हा शोभेचा विषय नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना मिशनच्या आश्रयाला आल्यावर अक्षरओळखीबरोबर विणकाम आणि सुतारकाम शिकवलं गेलं. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे इंजिनिअर होते; त्यांनी जास्त वेगानं चालणारा सुधारलेला हातमाग बनवला. पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता आणि रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचे छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, तिथल्या बायकांनी जुळवले. त्यांतल्या कितीतरी जणी तिथं आल्या तेव्हा निरक्षर होत्या. हा विषय त्यांनी यादीतून निवडला असेल असं नाही, पण तो अर्धवट कुणी शिकवला नाही.

आमच्या शाळेत शिवण हा ऐच्छिक विषय होता. मुलींचा म्हणून सुरू झाला, नंतर मुलगेही येऊ लागले. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा किती मोठा आहे हे तुम्हाला मी काय सांगायचं? आमच्या मुलांच्या घरी आई पीसवर काज-बटण करते, मामा कटिंग मास्तर असतो. आधी वाटलं, घरी जे रोज चालतं ते शाळेत शिकायला कोण येईल? पण आली मुलं. बाईंनी त्यांना पहिले काही आठवडे मशीनवर बसूच दिलं नाही. शर्टाची कॉलर घेतली. कॉलर ताठ ठेवणारं बकरम कुठल्या बाजूला लावायचं, उभा धागा कुठून जातो, कॉलर दोन तुकड्यांची का असते, वरची पट्टी खालच्यापेक्षा किंचित मोठी का कापतात. ती मोठी कापली नाही तर दुमडल्यावर टोकं वर वळतात. एका मुलीनं घरी जाऊन हे आईला विचारलं. आई वर्षानुवर्षं कॉलरी लावत होती, ती म्हणाली, "मास्तर कापून देतो तसं लावायचं, मला काय ठाव." त्या मुलीनं पुढच्या तासाला अठ्ठावन्न इंच पन्ह्याच्या कापडावर खडूनं तुकडे मांडले, मग उलटसुलट करून पुन्हा मांडले, आणि वाया जाणारं कापड किती कमी झालं ते शेकड्यात काढलं. गणिताच्या सरांना मी ती वही दाखवली. सर म्हणाले, "ही माझ्या तासाला तोंड उघडत नाही."

अशा तासाला मी ऐच्छिक म्हणते. घरात पोट भरणारं काम आईला फक्त हातांनी माहीत होतं, त्यातलं 'का' शाळेनं मुलीला दिलं. आणि मग त्या मुलीनं शिवण पुढं चालवलं की नाही, हा तिचा प्रश्न.

दुसरं उदाहरण क्वायरचं. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती शाळेत क्वायर म्हणजे नाताळची गाणी. आमच्या क्वायरमध्ये ख्रिस्ती मुलं थोडी, आणि सगळ्यांत तयार कान भजनी मंडळातल्या घरच्या एका पोराचा. सा पक्का. पाश्चात्त्य पद्धतीतला हलता 'डो' त्याला एका दिवसात कळला, कारण सा जसा गळ्याप्रमाणे वर-खाली होतो तसाच हा डो. पण चार भागांत गायची वेळ आली, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, म्हणजे सगळ्यांत उंच आवाजापासून सगळ्यांत खालच्यापर्यंत, आणि गडी अडला. आपल्याकडे सगळे मिळून एकच चाल म्हणतात. इथं शेजारचा वेगळे सूर लावणार, आणि तरी तू तुझे धरून ठेवायचेस. त्याचा आवाज दर वेळी मुख्य चालीकडं ओढला जायचा. मित्र म्हणायचा, "कान बंद कर की बे." बाई म्हणाल्या, कान बंद केलेस तर बेसूर होशील, शेजारचं ऐक आणि आपलं म्हण. ह्याला त्यांनी पूर्ण पहिलं सत्र दिलं. त्यातच त्याचा आवाज फुटला, नववीतल्या पोरांचा फुटतोच. एरवी असा मुलगा क्वायरमधून बाहेर पडला असता. बाईंनी त्याला आल्टोमधून काढलं, काही दिवस नुसती पानं उलटायला बसवलं, आणि नंतर बासमध्ये उभा केला. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं त्यानं अगदी आवडीनं म्हटली. चाल ओळखीची, म्हणायची पद्धत नवी.

शिवण आणि क्वायर, दोन्हींच्या शिक्षिका वर्षानुवर्षं बदलल्या नाहीत, आणि दोन्ही तास मधल्या सुट्टीच्या आधीचे होते, शनिवारचे नाहीत. तेवढ्यासाठी मी इतिहासाच्या सरांशी भांडले होते. सरकारी योजनेतले व्यावसायिक विषय, ऑटोमोबाईल, रिटेल, ब्युटी अँड वेलनेस, काही शाळांतून नववीपासून सुरू झालेत. चांगली गोष्ट आहे. पण त्यांचे प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी कंत्राटी, आणि शिक्षक दर वर्षी बदलला की विषय फक्त पुस्तकात उरतो.

म्हणून माहितीपत्रक हातात आलं, की शाळेला विचारा: या विषयाला शिक्षक कोण, ते गेल्या वर्षीही होते का, तास कुठल्या वारी कितवा, आणि सहा आठवड्यांनी मुलाला नको वाटलं तर बदलता येतं का. शेवटचा प्रश्न शाळांना आवडत नाही. पण बायबलच्या तासाला घटनेनं जी मोकळीक दिली, ती शिवणाला नि रोबोटिक्सला द्यायला शाळेचं काय जातं? आणि अर्ज भरताना पेन मुलाच्या हातात द्या. आमच्याकडे पसंतीच्या अर्जावर तीन रकाने असायचे. पहिल्या दोन रकान्यांत वडिलांचं अक्षर, तिसऱ्यात मुलाचं. मी तिसऱ्यापासून वाचायला सुरुवात करायचे.

(शेवटी एका पालकांनी तेलुगूबद्दल विचारलं.) चांगलं विचारलंत. शहराच्या पूर्व भागातली आमची निम्मी पोरं घरी तेलुगू बोलतात, आजीशी भांडतात तेलुगूत, आणि दुकानावरची तेलुगू पाटी त्यांना वाचता येत नाही. चार भाषांचं हे गाव. तेलुगू लिपी हा ऐच्छिक तास इथं नाही तर कुठं असावा? शिक्षक बाहेरून आणायला नकोत, आमच्या शिक्षकखोलीतच तेलुगू मातृभाषेचे तिघे असायचे. अभ्यासक्रम, परीक्षा, गुण यांतलं काही सुरुवातीला लागत नाही. पंधरा पालकांनी एकत्र अर्ज करा. एकेक अर्ज फायलीत जातो. पंधरा एकदम टेबलावर आले, की मुख्याध्यापकांना नाही म्हणणं जड जातं.