उन्हाळ्यात पहिलं पाणी लेसरला

(धुळ्याची अवधान एमआयडीसी. मे महिन्यातली दुपार.)

पारा ४४च्या पुढे गेलाय. पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. कोपऱ्यातल्या एका कपाटाला मात्र दिवसभर चिलरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचं, गार पाणी लागतं, २५ अंशांच्या आसपास. मालक आत येतात आणि पोराला पहिलं तेच विचारतात, "चिलरनं पानी देखं का रे भो?"

मग मशीन सुरू होतं. ६ मिलिमीटरच्या पत्र्यावरून ठिणग्यांची रेघ सरकत जाते, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लागणारी पट्टी कापून खाली पडते.

सगळे याला फायबर लेसर म्हणतात. तो चालतो कपाटात बंद असलेल्या डायोडच्या जोरावर, आणि तो डायोड कुणालाच दिसत नाही.

(तळहातावर एक चिप, अगदी जवळून.)

लांबीला ज्वारीच्या दाण्याएवढी, जाडीला कागदाएवढी. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाचा हा तुकडा, हाच तो डायोड. वीज दिली की त्याच्या एका कडेवरच्या, केसाएवढ्या रुंद पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो. एवढ्याशा जागेतून १० वॉट, आता तर त्याहूनही जास्त! अशा कितीतरी चिपांचा प्रकाश यटर्बियम हा धातू मिसळलेल्या काचतंतूत सोडतात. तंतू तो पितो आणि १०७० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा एकवटलेला किरण बाहेर देतो. लोखंड कापतो तो हा किरण.

१९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी पहिला डायोड लेसर चालवला, तेव्हा तो द्रव नायट्रोजनात, उणे १९६ अंशांवर ठेवावा लागला होता. आणि उजेड मिळायचा तो क्षणाक्षणाच्या झटक्यांनी. १९७० साली लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरोव्ह यांच्या गटानं आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी तो खोलीतल्या तापमानाला अखंड चालवून दाखवला. वेगळ्या पदार्थाच्या दोन थरांमध्ये एक पातळ थर दाबून बसवला, आणि वीज व प्रकाश दोन्ही त्या मधल्या थरात कोंडले. मला विचाराल तर आजच्या प्रत्येक लेसर कटिंगच्या दुकानाचा पाया त्या थरात आहे.

उष्णतेशी भांडण मात्र मिटलेलं नाही. चांगला डायोड निम्म्याहून जास्त विजेचा प्रकाश करतो. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेसरमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या घरात असायचं. उरलेली वीज चिप तापवते. आणि चिप एक अंश तापली की प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरनं सरकते. यटर्बियम सर्वांत जास्त पितो तो ९७६ नॅनोमीटरचा प्रकाश, आणि तो पट्टा फार अरुंद. पाणी १० अंशांनी तापलं, की प्रकाश त्या पट्ट्यातून घसरायला लागतो. खानदेशच्या उन्हात चिलरची एवढी काळजी त्यासाठीच. पावसाळ्यात उलटं: पाणी फार गार ठेवलं तर आत दव धरतं.

तांब्यापुढे मात्र हा अवरक्त प्रकाश अडतो; तांबं तो बहुतेक सगळा परतवून लावतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश तेच तांबं निम्म्याहून जास्त शोषून घेतं. म्हणून गॅलियम नायट्राइडचे निळे डायोड आता किलोवॉटमध्ये मोजतात, आणि बॅटरीतल्या तांब्याच्या पट्ट्या त्यांनी जोडतात.

(जळगावचा सराफ बाजार. भिंगाखाली एक बांगडी.)

आतल्या बाजूला ६ अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर तो सक्तीचा झाला. हाही लेसरनंच कोरलेला. इथलं मशीन मोजक्या वॉटचं, त्याला चिलर लागत नाही. मागे एक छोटा पंखा फिरत असतो, तेवढाच.