पडून मोकळा न होणारा पाऊस

(सिॲटलमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आत येताना दाराजवळच्या कोपऱ्यात ओल्या छत्र्या दिसल्या. सवयीने मोजल्या, नऊ भरल्या. म्हणजे या खोलीत निदान नऊजण तरी यंदाच सिॲटलला आलेत, असं मी धरून चालतो. जुने लोक टोपीच्या जाकिटात आलेत आणि ते अंगावरच वाळवत बसलेत.

इथे नोकरी लागल्याचं घरी सांगितलं की प्रत्येकाला एकच वाक्य ऐकायला मिळतं. ‘अरे, तिथे सारखा पाऊस असतो म्हणे!’ मलाही मिळालं होतं. माझे वडील मात्र हसले होते. कोकणात बालपण गेलेल्या माणसाला पावसाची भीती कोण घालणार? त्यांचंही चुकलं आणि भीती घालणाऱ्यांचंही. कसं ते सांगतो.

आधी आकडे उरकू. सीटॅक विमानतळावर जी अधिकृत नोंद होते, तिच्याप्रमाणे सिॲटलचा वर्षाचा पाऊस सरासरी १००० मिलिमीटरच्या आसपास आहे. न्यूयॉर्कला साधारण १२५० होतो, मायामीला १५०० च्याही पुढे. त्यांना कोणी पावसाळी शहर म्हणत नाही. आणि आपल्याला तर २६ जुलै २००५ आठवतोच. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. सिॲटल वर्षभर थेंबथेंब जमवतं तेवढं जवळजवळ सगळं मुंबईवर एका दिवसात ओतलं गेलं.

मग हे नाव पडलं कशाने? उत्तर मिळतं ते असं, की इथे वर्षातले दीडशेहून जास्त दिवस पाऊस असतो. खरं आहे. पण ‘पावसाचा दिवस’ म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेत इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे पाव मिलिमीटर पडला तरी तो दिवस मोजतात. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात पावसाचा दिवस व्हायला अडीच मिलिमीटर लागतात. दहापट फरक! पुण्याचे पन्नासेक दिवस आणि इथले दीडशे एका तराजूत घालूच नका. आपल्या मापाने मोजलं तर इथले कितीतरी दिवस गळून पडतील.

माझ्या अंगणात कुंपणाला एक प्लॅस्टिकची नळी लावली आहे, पावसाचं माप. शेजारी त्यावरून माझी थट्टा करतात, करू देत. मागच्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी आठला भुरभुर सुरू झाली. मुलीची फुटबॉलची मॅच त्यातच झाली, कोणी रद्द वगैरे केली नाही. बाजार झाला, जेवण झालं, भुरभुर चालूच. संध्याकाळी पाचला टॉर्च घेऊन नळी पाहिली तर चार मिलिमीटर! जुलैतल्या मुंबईत पानाच्या टपरीखाली आडोशाला पळेपर्यंत एवढं पडून जातं.

टॉर्च कशाला, हा खरा मुद्दा आहे. डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो. मुंबईचा सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, इथला साडेआठ तासांचाही नाही. आणि तेवढ्यातही वर ढगांची गोधडी. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, मळभ. सिॲटलला लोक ज्याला कंटाळतात ते हे मळभ आहे, पाऊस बिचारा निमित्ताला. इथल्या अंदाजात ‘सनब्रेक’ असा शब्द येतो. नवख्याला वाटतं, हे काय नवीन? अहो, आपली उघडीप! झड लागल्यावर आजी ओट्याशी उभी राहून ‘जरा उघडीप मिळाली तर गहू उन्हात घालीन’ म्हणायची, तीच.

वडिलांचं चुकलं ते इथे. त्यांना पाऊस म्हणजे कोसळणारा, गडगडणारा, ओढे भरवणारा माहीत. इथे वर्षातून सातआठ दिवस ढग गरजले तरी पुष्कळ. बाजूचा समुद्र गार, त्यामुळे हवा उसळून वर चढत नाही, वळीव म्हणून काही येत नाही. पाऊस येतो तो मुकाट्याने.

आता ‘सारखा’ या शब्दाचं बघू. जुलैच्या अख्ख्या महिन्यात इथे सरासरी पंधराएक मिलिमीटर पडतो. तिकडे आषाढ कोसळत असतो आणि इथे हिरवळ वाळून पिवळी पडलेली असते. काही वर्षी जंगलातल्या वणव्यांचा धूर शहरावर येऊन बसतो. उन्हाळा ५ जुलैला सुरू होतो, असं इथले लोक गमतीने म्हणतात, आणि जूनमध्ये स्वेटर घालून बसल्यावर ती गंमत वाटत नाही. पण एकदा सुरू झाला की रात्री नऊपर्यंत ऊन. मग सप्टेंबरात कधीतरी पहिली सर तापलेल्या मातीवर पडते आणि आपल्या मृगाचा वास येतो. चुकीच्या महिन्यात येतो, एवढंच.

डोंगरांची गोष्ट मात्र आपल्याला शिकवायला नको. पश्चिमेला ऑलिंपिक पर्वत आहे. समुद्राकडच्या अंगाला, होहच्या जंगलात, वर्षाला ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, झाडांच्या फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या लोंबतात. तिथून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरही दूर नसलेल्या सक्विम गावात जेमतेम ४००. तिथे लव्हेंडरची शेती करतात आणि पाटाने पाणी देतात. महाबळेश्वरला धुक्यात मका खाऊन पसरणी घाट उतरून वाईला यावं, तसंच हे. सिॲटलवरही त्या पर्वताची थोडी सावली पडते, म्हणून तर हजारावर भागतं. आणि कधी वारा त्या पर्वताला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो, शहराच्या उत्तरेला दोन्ही प्रवाहांची पुन्हा टक्कर होते आणि हवा वर ढकलली जाते. लिनवुड-एव्हरेटला धो धो आणि डाउनटाउनला उघडीप, असं त्या दिवशी होतं. तेव्हा ‘अंदाज चुकला’ म्हणून हवामानवाल्यांना शिव्या देऊ नका.

थंडीचं म्हणाल तर सिॲटल क्विबेक शहराच्याही उत्तरेला आहे, तरी जानेवारीत दुपारी आठनऊ अंश असतात. समुद्राची कृपा. बर्फ कधीमधी पडतो, पण रस्ते चढउताराचे, त्यामुळे चार बोटं पडला तरी शहर ठप्प.

आणि पंख्याची गरज नाही हे तर कोणी सांगूच नका. २८ जून २०२१ ला इथे ४२ अंश झालं होतं. आमच्या घरात एसी नव्हता. आम्ही ओले पंचे अंगावर टाकून तळघरात झोपलो, विदर्भातल्या एका मित्राने फोनवर सांगितलं तसे.

शेवटी नेहमीचा प्रश्न येणार, आईबाबांना कधी बोलवायचं? माझी आई पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरात, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. पहिल्या आठवड्यात तिला मजा वाटली. दुसऱ्यात तिने कपडे कुठे वाळत घालायचे ते विचारलं. तिसऱ्यात एका दुपारी खिडकीशी उभी राहून म्हणाली, ‘अरे, हा एकदाचा पडून मोकळा का होत नाही?’

पुढच्या खेपेचं तिकीट जुलैचं काढलं. आल्या दिवशी बॅगा उघडायच्या आधी ती मागच्या अंगणात गेली आणि त्या वाळक्या गवताला पाणी घालायला लागली.