जुना सोफा आधी उलटा करून बघा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय जुन्या सोफ्याबद्दल, म्हणजे घरातला झिजलेला नव्हे, जो आपण हौसेने, जुना म्हणूनच विकत आणतो तो. अँटिक आणि व्हिंटेज हे दोन शब्द बाजारात सरसकट वापरतात, पण साधारण शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही बहुतेक वस्तूंना हीच शंभर वर्षांची अट आहे, आणि त्याच्या अलीकडचं, आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातलं वगैरे, ते व्हिंटेज. दोन्ही छानच असतात. पण दोन्ही घेताना एकच गोष्ट करायची, आणि ती मी आज तीन-चारदा सांगणार आहे, सोफा उलटा करून बघायचा. वरून नाही, खालून बघायचा.

आता हे मला कोणी शिकवलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एक सोफा घेतला. सागवानी, बसायला आणि पाठीला वेताची जाळी, पाठीवर मधोमध एक कोरीव कमळ. दुकानदार म्हणाला एकशे वीस वर्षांचा आहे, एका पारशी बंगल्यातून आलाय, एक टाचणी बदललेली नाही. मी भाव केला नाही फारसा, कारण ते कमळ मला इतकं आवडलं होतं की काय सांगू. घरी आणला, आला-गेला प्रत्येकजण बघून वा वा म्हणायचा. चार महिन्यांनी बसायची जाळी एका कोपऱ्यात फाटली. तेव्हा कुणीतरी एका वेत विणणाऱ्या काकांचा नंबर दिला. काका दृष्टिहीन होते. मुंबईत खुर्च्यांचं वेतकाम करणारे कितीतरी दृष्टिहीन कारागीर आहेत, आणि हे काम बोटांचंच आहे, दोन थर उभे, दोन आडवे, दोन तिरके, आणि शेवटी ती अष्टकोनी भोकांची जाळी तयार होते.

तर त्यांचा भाचा त्यांना दारापर्यंत सोडून गेला, काकांनी बादलीभर पाणी मागितलं, वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या आणि सोफ्यापाशी खाली बसले. जुनी जाळी कापून काढली. मग टोच्याने चौकटीचं एकेक भोक साफ करायला लागले, डाव्या हाताचं बोट पुढे आणि टोचा मागे, एक झालं की दुसरं, एका लयीत. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. अर्ध्यावर आले आणि थांबले. परत मागे गेले. परत बोट फिरवलं. मला म्हणाले, "ताई, हा सोफा कापलेला आहे."

मी म्हटलं, काका, असं कसं, काही बदललेलं नाही म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, "भोकं अर्ध्या अर्ध्या इंचावर आहेत सगळीकडे, इथे दोन भोकं चिकटलीयत. आता मागच्या पट्टीवर बघतो." हात लांब करून मागच्या पट्टीवर मोजत गेले, तोंडाने सतरा, अठरा, एकोणीस, आणि बरोबर तिथेच, समोरासमोर, परत दोन भोकं चिकटलेली. मग म्हणाले, "पाठीला काही कोरलंय का? हात लावून देता?" मी त्यांचा हात कमळावर नेऊन ठेवला. त्यांनी एका टोकापासून वितीने मोजलं, दुसऱ्या टोकापासून मोजलं, आणि म्हणाले, डावीकडे चार बोटं कमी आहे.

मंडळी, चार महिने आम्ही सगळे त्या कमळाकडे बघत होतो. मी तर रोज सकाळचा चहा त्याच्यासमोर प्यायची. कोणाला दिसलं नव्हतं की ते मधोमध नाहीच.

मग आम्ही दोघांनी मिळून तो सोफा उलटा केला. टॉर्च मारला तर खालच्या बाजूला जोड स्पष्ट दिसत होता, एका लाकडावर दुसरं चढवलेलं, वर लाख-मेण भरून पॉलिश फिरवलेलं, आणि चार स्क्रू. फुलीवाले स्क्रू, ते अधिकच्या चिन्हाचे. आता हा फुलीवाला स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला, म्हणजे एकशे वीस वर्षांच्या, काही न बदललेल्या सोफ्यात तो कुठून येणार? कधीतरी, कुणाच्यातरी जिन्यातून किंवा दारातून जाईना म्हणून सुताराने तो छोटा केला होता. काम चोख केलं होतं, अजून जोड हलत नाही. फक्त मला सांगायला हवं होतं, आणि किंमत तशी लावायला हवी होती.

काकांनी दोन दिवसांत जाळी विणून दिली. त्या चिकटलेल्या भोकांपाशी पट्ट्या अशा फिरवल्या की आता तिथे शोधूनही फरक दिसत नाही. त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले. कारागिराशी घासाघीस करू नये असं माझं ठाम मत आहे, मॉलमध्ये आपण छापील किमतीला निमूट पैसे देतो आणि दोन दिवस पाठ मोडून बसलेल्या माणसाला शंभर रुपये कमी करा म्हणतो, हे मला अजिबात पटत नाही. असो.

वेळ कमी आहे, तर बाकीचं भराभर सांगते. उलटा केला की सांधे बघा, जुन्या चांगल्या कामात लाकडातच लाकूड बसवलेलं असतं, लाकडी खुंटी असते. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली ताजी पिठी पडत असेल तर आत किडा जिवंत आहे, तो सोफा घरात आणूच नका, घरातल्या बाकीच्या लाकडाला लागेल. वेत हाताने विणलेला असेल तर चौकटीला ओळीने भोकं असतात, भोकांऐवजी नुसती खाच असेल तर तयार जाळीचा तुकडा दाबून बसवलाय. गादीवाला सोफा असेल तर आत काथ्या आणि स्प्रिंग आहेत का फोम ते विचारा, हा आजचा फोम सोफ्यात आला १९५० च्या दशकात, म्हणजे त्याआधीच्या सोफ्यात फोम असेल तर गादी नंतर भरलीय, त्यात वाईट काही नाही पण माहीत पाहिजे. काळी शिसवी म्हणून सांगितलं तर उचलून बघा, शिसवी जड असते. आपल्या मुंबईतच एकोणिसाव्या शतकात मेडोज स्ट्रीटला त्या काळ्या शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर बनायचं, बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात त्याला, आणि त्या नावाखाली सागाला काळं पॉलिश मारून विकणारेही आहेत.

पॉलिशवरून आठवलं, कृपा करून जुन्या लाकडावर चकचकीत मेलामाइन मारू नका. लाखेचं पॉलिश असेल तर तेच परत करा. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून बघा, लाख असेल तर चिकट होते. आणि प्लास्टिकची कव्हरं घालून सोफा पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा, हे तर नकोच. मुलांना बसू दे त्याच्यावर.

बाजार म्हणाल तर चोर बाजारात मटण स्ट्रीट आहे, जोगेश्वरीला ओशिवरा आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. जाताना टेप आणि टॉर्च न्या. निघण्याआधी घरचं दार, जिन्याचं वळण आणि लिफ्ट मोजा, नाहीतर पुढच्या सुताराला परत करवत काढावी लागेल. आणि दुकानात गेलात की, परत सांगते, उलटा करून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा.

माझा तो सोफा अजून आहे, हॉलमध्ये खिडकीखाली. काकांनी जाताना सांगितलं होतं की वेत सैल वाटला तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या बाजूने दाबून लावायचं आणि रात्रभर कोणी बसायचं नाही, वाळताना तो आपोआप ताणला जातो. उन्हात ठेवायचा नाही, सावलीतच वाळू द्यायचा. नमस्कार.